सात कड्यांची फाईल

गुरुवार, २३ जानेवारी

कागद संपला! चार्ट छापणाऱ्या कंपनीचं पत्र — छापील पानं ही शेवटची, यापुढे सगळं टॅब्लेटवर. पत्राची भाषा थेट मृत्युलेखाची. तीस वर्षं वार्ताहर म्हणून मी मृत्युलेखच जास्त लिहिले, त्यामुळे माल लगेच ओळखला.

वहीला समजावून सांगतो. (वाचक नसला तरी खोड जात नाही.) विमान ढगात शिरलं की बाहेर नुसता कापूस. मग यंत्रांच्या काट्यांवर उडायचं आणि उतरायचं कसं ते चार्टवर पाहायचं. एका विमानतळाचं एक पान. कुठे वळायचं, कुठे किती उंची ठेवायची, आणि शेवटी किमान उंची — तिथवर उतरूनही धावपट्टी दिसली नाही तर निमूट वर निघायचं. पानाच्या तळाशी टिपा. म्हणजे वर सूत्र, खाली भाष्य. संस्कृतात वाढलेल्या माणसाला ही रचना नवी नाही. शाळेत आमचे पंडित सर भाष्य गाळून सूत्र म्हणणाऱ्याला बाकावर उभं करत.

दर अठ्ठावीस दिवसांनी गुरुवारी नवी पानं लागू होतात. जुनी काढायची, नवी घालायची. सतरा वर्षं हे काम हिचं. मी केलं तर तिसऱ्याच गावची धावपट्टी आमच्या गावाला जोडीन, असं तिचं मत आहे. चुकीचं नाही. जेवणाचं टेबल पुसायचं, ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि प्रत्येक पानाची टीप वाचूनच ते फाईलमध्ये घालायचं. ग्रंथपाल बाई! दोन वर्षांपूर्वी सात कड्यांची लहान फाईल मोडली — कड्या निसटल्या म्हणाली — तेव्हापासून ही चार कड्यांची दांडगी फाईल. पानंही तेव्हापासून मोठी येऊ लागली. कंपनीला उशिरा का होईना, शहाणपण. नव्या फाईलसाठी भोकं वेगळी पाडावी लागतात, म्हणून ही पाकीट तिच्या ग्रंथालयात नेते. तिथलं यंत्र चांगलं आहे म्हणे.

आज शेवटचं पान घालून फाईल मिटली. "झालं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आता उडणं सुटलं की मलाही फाईलबरोबर माळ्यावर टाक." हा माझा जुना विनोद. ती कधीच हसत नाही.

रविवार, २६ जानेवारी

लेकीनं टॅब्लेट पाठवला. आणि फोनवरून शिकवणी.

"बाबा, अक्षरं लहान वाटली तर दोन बोटांनी ताणा."

"शेवया ताणतात तशी?"

"बाबा!"

ताणली. अहाहा! अनुस्वाराएवढे आकडे एकदम दाराएवढे झाले. फ्लाइंग क्लबातले सगळे दोन वर्षांपासून हेच वापरतात, कागदवाला मी एकटाच उरलो होतो. तिथला मेकॅनिक मला 'भूर्जपत्र' म्हणतो. आता काय म्हणेल?

गुरुवार, ३० जानेवारी

टॅब्लेटवर पहिलं उड्डाण. दर गुरुवारी क्लबाचं चार आसनांचं विमान घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांना खोऱ्यातल्या दवाखान्यात नेतो, संध्याकाळी परत आणतो. मला पगार नाही, त्यांना फी नाही. रस्त्यानं आठ तास, वरून पन्नास मिनिटं. त्या पन्नास मिनिटांवर खोऱ्यातले तीस-पस्तीस डोळे अवलंबून.

चार्टवर आपलंच छोटं विमान सरकताना दिसतं! आपण आपल्याला वरून पाहतोय. वेदान्तात यासाठी लोक आयुष्य घालवतात, मला लेकीनं पार्सलनं पाठवलं. डॉक्टर मागून वाकून पाहत होते.

"हे चांगलं आहे. आणि ती तुमची लठ्ठ फाईल?"

"घरी."

"चला, माझ्या पायांना जागा झाली."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

संध्याकाळी हिनं जेवणाचं टेबल पुसलं. मग काहीच न मांडता पुन्हा पुसलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नव्या पानांचा दिवस. एक बटण, चाळीस सेकंद. सतरा वर्षांच्या विद्येची चाळीस सेकंदांत वासलात! ही चहाचा कप घेऊन बाजूला उभी.

"खोऱ्याच्या पानावर काही बदललं का?"

"यंत्रानं बदललं असेल तर बदललं."

"टिपा वाचल्यात?"

"तू असताना मी कधी वाचल्या?" मी आपलं गमतीत म्हटलं. तिनं कप खाली ठेवला.

१० एप्रिलला माझी वैद्यकीय तपासणी आहे. त्यात पास झालो तर लायसन्स पुढे चालू. कानांचं काय ते होईल, डोळ्यांची चिंता नाही. परीक्षकाच्या भिंतीवर सतरा वर्षं तोच तक्ता. गेल्या खेपेला मी शेवटची ओळ एका दमात म्हटली तर तो म्हणाला, "जरा दमानं. मी कुठे आहोत ते बघतोय." पाठांतराचं हे असं असतं! बाहेर बाकावर बसलं की दार उघडतं-मिटतं, तक्ता दिसतो, आणि लहानपणी धातुरूपं घोकलेल्या माणसाच्या डोक्यात तो आपोआप जाऊन बसतो. यात लबाडी कसली?

लिहून झाल्यावर वाचलं. थोडीशी लबाडी आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टॅब्लेटची अक्षरं बारीक ती बारीकच. ताणली नाहीत तर मुंग्यांची रांग. चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला. काही नाही. जरा घाबरलो.

मग शहाण्या माणसासारखी परीक्षा घेतली. दांडगी फाईल काढली, खोऱ्याचं छापील पान हातभर लांब धरलं. खडखडीत वाचलं! वरचा आकडा न् आकडा! हिला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ! डोळे ठणठणीत आहेत. दोष टॅब्लेटचा." एवढा सुटकेचा श्वास बऱ्याच दिवसांत टाकला नव्हता.

हिनं उठून मोरीतला नळ सोडला. भांडी तर घासून झाली होती.

गुरुवार, ६ मार्च

आज लिहवत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. बातमी लिहितात तसं.

सकाळी खोऱ्यावर ढग खाली आलेले. तिथल्या मैदानावर एक रेडिओवाला असतो. तो तिथला हवेचा दाब सांगतो, मी तो आकडा उंचीच्या यंत्रात भरतो, मग उंची खरी दिसते. काल तो नव्हता. दोनदा हाक दिली, नुसती खरखर. मग शहराचा दाब भरला. त्यात गैर काही नाही, तशी परवानगी आहे.

टॅब्लेट मांडीवर. मला एकच आकडा हवा होता — किमान उंची. ती चौकट दोन बोटांनी ताणून पडदाभर केली. अकराशे फूट. ठळक, काळे, देखणे आकडे. अकराशेवर उतरलो, सरळ झालो, वाट पाहिली.

ढग फाटला आणि डाव्या हाताला टेकडीवरची पाण्याची टाकी. एरवी ती खाली दूर काड्यापेटीएवढी दिसते. काल तिची शिडी दिसली. शिडीचा गंज दिसला! पुढच्या क्षणी धावपट्टी समोर, उतरलोही. चाकं टेकली तेव्हा माझी बनियन पाठीला चिकटलेली.

डॉक्टर उतरले, बॅग घेतली, दोन पावलं जाऊन मागे आले.

"पायलटसाहेब, टाकीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता."

"हो का?"

"निळा. एक खिसा. बटण तुटलेलं."

आणि दवाखान्याकडे गेले. संध्याकाळी आभाळ निरभ्र होतं.

रात्री जेवताना मी हिला शर्टाचा किस्सा सांगितला. विनोद करून. ती हसली नाही.

"रेडिओवाला होता का मैदानावर? त्याच्या आईला बरं नाही ना?"

"नव्हता. शहराचा दाब घेतला."

"आणि एकशेवीस?"

"कसले एकशेवीस?"

"अहो, टीप दोन. स्थानिक दाब मिळाला नाही तर किमान उंची एकशेवीस फुटांनी वाढवायची. पहिल्यापासून आहे ती. शहराचा दाब खोऱ्यात खरा नसतो म्हणून."

घास हातातच राहिला. आत जाऊन टॅब्लेट उघडला. पडदा मी सोडला तसाच होता — अकराशे, दाराएवढे. बोटानं पान वर सरकवलं. सरकवलं, सरकवलं... तळाशी टीप दोन. आकडा मोठा करताना भाष्य पडद्याबाहेर गेलं होतं. पंडित सर असते तर बाकावर नाही, टाकीवर उभं केलं असतं.

एकशेवीस फूट. म्हणजे शिडीची लांबी.

ही दारात उभी. मी म्हटलं, "चुकलो. फार मोठं चुकलो."

"चूक तुमची एकट्याची नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. अशी ती तिची आई गेली तेव्हा रडली होती. मी समजूत घालतोय — तूच तर टीप सांगितलीस, तुझी कसली चूक? — तर आणखीच. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या चुकांत तिनं कधी वाटा मागितला नाही. आताच का?

रविवार, ९ मार्च

क्लबाला लेखी कळवायला हवं. पहिला खर्डा झकास झाला. 'नव्या प्रणालीच्या मर्यादांमुळे माहितीचे पूर्ण अवलोकन केले जाऊ शकले नाही.' कर्मणी प्रयोग हा भित्र्या माणसाचा मित्र! अशी वाक्यं मी तीस वर्षं अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आणि छापताना त्यांना हसलो.

फाडला. दुसरा खर्डा: 'मी टीप वाचली नाही. न ताणता मला ते पान वाचता येत नाही. डोळे तपासून होईपर्यंत मी उडणार नाही.'

तीन वाक्यं. दोन तास लागले. मधलं वाक्य सगळ्यांत शेवटी लिहिलं.

मंगळवार, ११ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. आजवर ते माझ्या मागे बसले, आज मी त्यांच्या समोर. हीही आली. नको म्हटलं तरी आली.

त्यांनी तक्ता लावला. मी सुरू केलं, तिसऱ्या ओळीत त्यांनी हात वर केला.

"हा तुम्हाला पाठ आहे."

"थोडाफार."

"थोडाफार? तुम्ही माझ्या छडीच्या पुढे चाललाय!"

ड्रॉवरमधून दुसरा तक्ता काढला. तो पाठ नव्हता. चौथ्या ओळीशी मी अडलो. खोलीत पंख्याचा आवाज. सतरा वर्षांत विमानाच्या कुठल्याही आवाजाची एवढी भीती वाटली नव्हती.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. "आजचा नाही. दोन-तीन वर्षं तरी असणार."

"शक्यच नाही, डॉक्टर! जानेवारीपर्यंत मी कागदी चार्ट खडखडीत वाचत होतो. हिला विचारा!"

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. ही पर्सची चेन उघडत-मिटत होती.

"बारीक छापील? या डोळ्यांनी?" ते म्हणाले. "आणा एकदा ते पान, मलाही बघू द्या."

"आता कशाला?" ही पटकन म्हणाली. "ऑपरेशन करायचं ठरलंच ना?"

ठरलं. आधी उजवा, मग डावा. निघताना विचारलं, "पुन्हा उडता येईल?" डॉक्टर म्हणाले, "नीट बरे व्हा, परीक्षकाला सगळं खरं सांगा, मग बघू. मला काय, मला त्या टाकीवरचा शर्ट पुन्हा लांबूनच बघायचाय." मग थोडं थांबून म्हणाले, "मीच चुकलो खरं तर. डोळ्यांचा डॉक्टर तुमच्या पाठीमागे दोन वर्षं बसलाय, आणि पेपर वाचतोय!"

आपापली चूक घेऊन सगळेच पुढे येताहेत. मला माझी एकट्याची मिळेना.

गुरुवार, १३ मार्च

डॉक्टर रस्त्यानं खोऱ्यात गेले. आठ तास. पोचल्यावर फोन: "पाय लांब करता आले नाहीत. तुमची फाईल बरी होती."

गुरुवार, २० मार्च

नव्या पानांचा दिवस. सवयीनं बटण दाबलं. उडायचं नाही, तरी दाबलं. ही टॅब्लेट घेऊन बसली आणि खोऱ्याच्या टिपा मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. पाचही. मी डोळे मिटून ऐकल्या. लहानपणी पाठ असाच ऐकायचो.

टीप चारबद्दल मला आजवर पत्ता नव्हता. सतरा वर्षं!

बुधवार, २ एप्रिल

काल उजव्या डोळ्याचं झालं. आज पट्टी काढली.

पांढरा रंग इतका पांढरा असतो! दवाखान्याची भिंत मी पिवळसर समजत होतो आणि मनात रंगाऱ्याला नावं ठेवली होती. त्याची माफी. खिडकीबाहेर झाडाला पानं आहेत — सुटी सुटी. हिच्या भुवईशी एक बारीक व्रण आहे, तो मी विसरलोच होतो. आणि केस. इतके पांढरे कधी झाले?

"असं काय बघताय?"

"वाचतोय."

"काहीतरीच," म्हणाली. पण हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

गुरुवार, १० एप्रिल

आज तपासणीची तारीख. परीक्षकाला फोन करून खरं सांगितलं — ऑपरेशनचं, आणि तक्ता पाठ असल्याचंही.

"शेवटची ओळ म्हणा बघू."

म्हटली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या नवा तक्ता मागवतो."

शनिवार, २६ एप्रिल

डावाही झाला. टॅब्लेट भिंतीला टेकवून ठेवला, हातभर मागे बसलो. बोटं मांडीखाली दाबून! पूर्ण पान एका नजरेत. वर सूत्र, खाली भाष्य. टीप दोन जाग्यावर आहे. इतकी वर्षं तिथेच होती बिचारी.

शुक्रवार, ९ मे

परीक्षकानं पास केलं. नवीन तक्ता, सगळ्या ओळी, दमानं. आता क्लबाच्या शिक्षकाबरोबर काही उड्डाणं, मग गुरुवार पुन्हा माझा. डॉक्टरांना कळवलं. "शर्टवाल्याला सांगतो," म्हणाले.

हिला म्हटलं, नव्या पानांच्या दिवशी टिपा तूच वाचायच्या. मी ऐकणार, मग मी वाचणार, तू ऐकणार. "दोनदा कशाला?" "वेदपाठी असंच करतात." कबूल झाली. टेबल पुसलं.

रविवार, ११ मे

दांडगी फाईल आता लागत नाही, म्हणून माळ्यावर ठेवायला चढलो. ट्रंकेमागे, जुन्या साडीत गुंडाळलेली, लहान फाईल सापडली. तीच, 'मोडलेली'.

सातही कड्या शाबूत. उघडून पाहिल्या, मिटून पाहिल्या — खट्, खट्.

आत पानं होती. कंपनीची, छोटी, मुंग्यांच्या रांगांची. दोन वर्षांची सगळी, तारखेवार लावलेली. शेवटचं पान २३ जानेवारीचं. म्हणजे पानं कधी मोठी झालीच नव्हती. दर अठ्ठावीस दिवसांनी तिच्या ग्रंथालयातल्या झेरॉक्सवर...

खालून आवाज आला, "अहो, काय सापडलं?"

साडीत होती तशी गुंडाळली. दांडगी तिच्या शेजारी ठेवली.

"काही नाही," म्हटलं. "तू शिडी धर. मी उतरतो."